थेंबाचा अभिषेक

सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलखात ‘महादेवाला जाणे’ म्हणजे पचमढीस जाणे. आणि ज्या पिढ्यांनी खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागढ चढला, गुप्त महादेवाच्या कपारीत अंग आडवे करून प्रवेश केला, बड्या महादेवाच्या गुहेत छतातून ठिबकणारे पाणी मस्तकी धरले, त्यांच्या मनात गुहा आणि देव हे दोन निराळे पदार्थ कधी नव्हतेच. अशा संस्कारात वाढलेल्या माझ्या आईला गतवर्षी आम्ही सहकुटुंब स्लोव्हेनियातील पोस्तोयनाची गुहा दाखविण्यास नेले.

चोवीस किलोमीटरांचा तो भूगर्भ; आत 1872 पासून रुळांवरून जाणारी गाडी; बारमाही दहा अंशांचा गारवा; आणि चुनखडीच्या कोणत्याही स्तंभास हात न लावण्याची सक्त ताकीद. ‘ब्रिलियंट’ नावाच्या पाच मीटर उंच, शुभ्र, ओलसर स्तंभासमोर आईने पायांतले बूट काढले, पदर सावरून हात जोडले आणि हलकेच विचारले, “याच्यावर पाणी कोण घालते रे?”

पावसाचे पाणी मातीतला कर्बवायू शोषून आम्ल होते, चुनखडक विरघळवीत खाली झिरपते आणि थेंबाथेंबाने त्यातला कण मागे ठेवते. शंभर वर्षांत जेमतेम सेंटिमीटरभर. म्हणजे यजमान नाही, संकल्प नाही, दक्षिणा नाही, आणि तरीही सहस्रावधी वर्षे अखंड अभिषेक! आमच्याकडे सौंसरजवळच्या जामसावळीचा निजलेला मारुती शेंदुराखाली आहे. ज्याला स्वयंभू म्हणावे त्यालाच आपल्या हातांनी झाकावे, ही भक्ती की अधीरता? हाताच्या तेलकटपणाने स्तंभाची वाढ खुंटते म्हणून तेथे स्पर्शास मज्जाव आहे, आणि देवाविना पाळलेले ते सोवळे मला आमच्या सोवळ्याहून निर्मळ वाटले.

आईला हे पटलेले नाही. “हात लावल्याबिगर भेट कायची?” असे ती म्हणते, आणि तिच्या बाजूचा एक दाखला मला दडविता येत नाही: थेंब पाषाणाला टेकला नसता तर तो स्तंभच उभा राहता ना. मला अंतर दिसते ते एवढेच, की थेंब आपल्याजवळचे ठेवून जातो आणि आमचा हात बहुधा काही मागण्यासाठी पुढे होतो. पण तिचा हात कशासाठी पुढे होतो हे मी कोण ठरविणार?

येत्या शिवरात्रीला चौरागढास जावयाचे आहे. त्रिशुळासाठी तिने लोहाराला आताच सांगून ठेवले आहे.