"बरे आहे" म्हणण्याची सवय



कोणी प्रकृती विचारली की "बरे आहे" म्हणावे, ही रीत आपल्याला लहानपणीच लागते. अलिबागच्या आमच्या घरी आजारी माणूससुद्धा पाहुणा आला की उठून बसत असे. दुखणे चारचौघांत मांडणे म्हणजे हात पसरणे, असे आई म्हणे. गेल्या वर्षी येथे कार्डिफमध्ये माझ्या धाकट्या बहिणीला ही सवय महागात पडली. तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. दुखणे झाकणे हा मोठेपणा, की तीही एक प्रकारची खोटी साक्ष?

बहीण ६१ वर्षांची. संधिवाताने तिची बोटे वाकडी झाली आहेत. तिने पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटसाठी अर्ज केला. २०१३ साली सुरू झालेला हा भत्ता मिळकतीवर अवलंबून नाही. स्वयंपाक, आंघोळ, कपडे घालणे अशा कामांत किती अडचण येते हे पाहून गुण देतात. रोजच्या कामांच्या भागात ८ गुण झाले तर भत्ता, १२ झाले तर वाढीव दराने. मी जन्मभर मुलांना गुण दिले, परंतु जितके कमी जमेल तितके गुण जास्त, अशी परीक्षा प्रथमच पाहिली!

तपासणीला एक बाई घरी आल्या. बहीण ठेवणीतली साडी नेसून, केस विंचरून बसली होती. "कसे काय चालते?" या प्रश्नाला तिचे उत्तर ठरलेले. अहवालात आले : नीटनेटकी, हसतमुख, स्वतःचे स्वतः करते. गुण ४. साडी सुनेने नेसवली होती व केसही तिनेच विंचरले होते, हे कोणी विचारले नाही आणि हिने सांगितले नाही.

अशा निकालावर एक महिन्याच्या आत फेरविचार मागावा लागतो. तेथेही नकार आला तर पुढच्या एका महिन्यात न्यायाधिकरणाकडे अपील. त्याला फी नाही. एक न्यायाधीश, एक डॉक्टर व अपंगत्वाची जाण असलेले एक सभासद निर्णय देतात. फेरविचारात आमचे ४ गुण ४ च राहिले, तेव्हा कागद जमवण्याचे काम मी अंगावर घेतले.

जी.पी.ची पहिली चिठ्ठी दोन ओळींची होती. आजाराचे नाव, औषधांची नावे. खरी, पण निरुपयोगी. कारण भत्ता आजाराच्या नावाला मिळत नाही, हातांना काय जमत नाही याला मिळतो. मग इस्पितळाची जुनी पत्रे काढली. एकात तज्ज्ञांनी लिहिले होते की रुग्णाचे ठीक चालले आहे. त्यांना हे कोणी सांगितले? हिनेच! तिचे "बरे आहे" आमच्या आधी प्रत्येक फाइलीत जाऊन बसले होते.

तेव्हा मी जी.पी.ना नेमके प्रश्न लिहून पाठवले. भांडे उचलता येते का? बटण लावायला किती वेळ लागतो? त्याच दिवशी तेच काम पुन्हा जमते का? नियम असा आहे की काम सुरक्षितपणे, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात करता आले तरच ते "येते" असे धरावे. शिवाय पुरावा निकालाच्या दिवशीच्या स्थितीचा लागतो. त्यानंतर दुखणे वाढले तर ते या अपिलात चालत नाही. न्हाणीघरात दांडा बसवताना ऑक्युपेशनल थेरपिस्टने बोटांच्या पकडीची नोंद केली होती. तीच सर्वांत कामाची ठरली.

त्याआधीच्या महिन्यांची बहिणीची एक वही होती. पानोपानी "आज बरे." मी विचारले, "भात कोणी वेळला?" "सुनेने." "आणि केस?" "तिनेच." मी म्हटले, "अगं, मग हे बरे कसे?"

येथे माझाही दोष सांगितला पाहिजे. वहीचे इंग्रजी करताना मी लिहिले, "कप उचलताच येत नाही." तिने वाचले व म्हणाली, "दादा, ते खोड. रविवारी मी कप उचलला होता." मी बाजाराची नीती सांगितली, की तिकडे कमीच धरतात, तेव्हा आपण जास्त सांगावे. तिने ऐकले नाही. मी खोडले. निम्म्याहून अधिक दिवसांची अडचण पाहिली जाते, त्यामुळे चांगले दिवस लिहिल्याने आमचे काही बिघडणार नव्हते. पण तिला हे तेव्हा ठाऊक नव्हते.

रामबामने गरिबांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दोघांनाही दोष दिला आहे. गरज नसता लोकांना फसवून घेतो त्याला, आणि म्हातारा किंवा आजारी असून, घेतल्यावाचून जगणे शक्य नसताना, ताठ्यामुळे घेत नाही त्यालाही. दुसऱ्याला तर तो स्वतःचेच रक्त सांडणारा म्हणतो. आपल्या घरांत पहिला अर्धा भाग पक्का पाठ करून घेतला जाई, दुसरा कोणी शिकवल्याचे मला आठवत नाही. आणि हा भत्ता तर दानही नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे. तरी लाज तीच!

कागद गेले आहेत, नकला कपाटात आहेत, सुनावणीची तारीख यायची आहे. परवा बहिणीने विचारले, "त्या दिवशी जुनी साडी नेसू का?" मी म्हटले, "चांगलीच नेस. फक्त कोणी नेसवली ते सांग."