हजार प्रती, एकच हात

२०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागातले सुमारे ६५ हजार जातीचे दाखले 'पॉलिगॉन' या ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या नोंदींच्या साखळीवर, नोंदवले गेले. तिथे दाखला जसाच्या तसा ठेवलेला नसतो. त्याच्या मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची एक ओळ, म्हणजे 'हॅश', तेवढी साखळीत जाते. दाखल्यातलं एक अक्षर जरी बदललं तरी हॅश पूर्ण वेगळा निघतो, आणि मूळ हॅशच्या प्रती जगभरातल्या असंख्य संगणकांवर असल्यामुळे तो कोणा एकाला गुपचूप बदलता येत नाही. नागपूर-पुण्याच्या महाविद्यालयाला क्यूआर कोड तपासून दाखला खरा की बनावट हे लगेच कळतं, एटापल्लीला पत्र पाठवून वाट पाहावी लागत नाही. आदिवासी मुलामुलींचा प्रवेश अशा पत्रव्यवहारात अडकू नये, यासाठी हे काम मोलाचं आहे. आज ना उद्या आपल्या परभणीतही दाखले, गोदामाच्या पावत्या, कदाचित जमिनीच्या नोंदीही याच वाटेने जातील. म्हणून ही यंत्रणा कशाची हमी देते आणि कशाची देत नाही, हे आत्ताच नीट समजून घेतलं पाहिजे.

या साऱ्याच्या मुळाशी अविश्वास आहे, आणि तो रास्त आहे. २००८ च्या आर्थिक अरिष्टात बँका कोसळत असताना सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइन या डिजिटल चलनाचा आराखडा प्रसिद्ध झाला. मधली बँक काढून टाकायची आणि व्यवहारांची वही सगळ्यांकडे ठेवायची, ही त्याची कल्पना. २०१४ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या गॅव्हिन वुड यांनी हाच विचार सगळ्या इंटरनेटला लावला आणि 'वेब ३' हे नाव दिलं. पहिल्या इंटरनेटवर आपण फक्त वाचत होतो. दुसऱ्यावर लिहायला लागलो, पण लिहिलेलं सगळं चार-दोन कंपन्यांच्या कोठारात जमा झालं. तिसऱ्यावर ज्याचं त्याच्या मालकीचं राहील, असं हे आश्वासन आहे. या आश्वासनात एक गृहीतक दडलेलं आहे. वहीच्या प्रती वाटल्या की सत्ताही वाटली जाते, असं ते गृहीतक. मला ते चुकीचं वाटतं, आणि का वाटतं याचा पुरावा परभणीच्या दप्तरातच आहे.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. तेव्हाची दप्तरं मुख्यतः उर्दूत, काही मोडीत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने न्या. संदीप शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा ही जुनी कपाटं पुन्हा उघडली. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्याच्या मागणीबद्दल कोणाचं मत काहीही असो, शोधाची पद्धत पाहण्यासारखी होती. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर अशी कितीतरी दप्तरं तपासली गेली. शाळेच्या मास्तरांनी मुलाचं नाव लिहिताना महसूल खात्याला विचारलं नव्हतं, आणि पाहणीला आलेल्या कारकुनाने शाळेचं रजिस्टर पाहिलं नव्हतं. दोघांचे हात वेगळे, कारणं वेगळी, वर्षंही वेगळी. म्हणून दोघांकडे एकच गोष्ट सापडली तर तिला वजन येतं. कागद कुरतडलेला असेल, शाई फिकी झाली असेल, तरी साक्षी स्वतंत्र आहेत. ब्लॉकचेनमध्ये नेमकं उलटं घडतं. तिथे प्रत हजारो ठिकाणी असते, तिला ना वाळवी लागते ना खाडाखोड होते, पण लिहिणारा हात एकच असतो. त्या हाताने चुकीचं लिहिलं, तर हजार संगणक एकाच चुकीची साक्ष देतात.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा मिळू लागला आणि अर्जांचा पूर आला. पुढे सरकारी जमिनींवर, देवस्थानांच्या जमिनींवर, दुसऱ्याच्याच शेतावर परस्पर विमा उतरवल्याची प्रकरणं मराठवाड्यासह राज्यभर उघडकीस आली, आणि २०२५ मध्ये ती सवलतच बंद झाली. झळ खऱ्या शेतकऱ्यालाही बसली. यातल्या अर्जांत नंतर कोणी खाडाखोड केली नव्हती, खोटेपणा पहिल्या ओळीतच होता. हेच अर्ज जगातल्या सर्वांत मजबूत साखळीवर चढवले असते, तर ते खोटेपणासकट अढळ झाले असते.

यावर एक आक्षेप विचार करण्याजोगा आहे. सरकारी दप्तरात मोठा घोटाळा मागाहूनच होतो, मागची तारीख टाकून फेरफार ओढले जातात, पान बदललं जातं, आणि निदान तेवढं तरी ब्लॉकचेन थांबवते, असं तिचे समर्थक म्हणतात. हे खरं आहे आणि लहान नाही. जमिनीच्या एका फेरफारासाठी आयुष्यभर तहसील आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. दुसरा मुद्दा असा की साखळीत दुरुस्ती होत नाही हा गैरसमज आहे; जुनी नोंद तशीच ठेवून पुढे नवी जोडता येते. हेही मान्य. आपली फेरफार नोंदवही याच तत्त्वावर चालते. पण मग खरा प्रश्न नवी ओळ जोडण्याचा अधिकार कोणाकडे, हा होतो. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, संबंधितांना कळवलं जातं, हरकतीला १५ दिवस मिळतात. चावडी वाचनात गावासमोर सातबारा वाचला जातो तो याचसाठी की, पालम तालुक्यातल्या एखाद्या शिवारात कोणाचा बांध कुठे आहे, हे परदेशातल्या संगणकाला कळू शकत नाही, शेजारच्या शेतकऱ्याला कळतं. विकेंद्रीकरण म्हणायचं तर मी याला म्हणेन. अनेकदा हे वाचन नावापुरतं उरकलं जातं, हे आपलं दुर्दैव.

साखळीवरचा अधिकार मात्र गुप्त किल्लीशी बांधलेला असतो. ज्याच्याकडे किल्ली, तो मालक. परभणीच्या गावागावांत रोज होणाऱ्या फेरफारांत वारस नोंदी मोठ्या संख्येने असतात. कर्ता माणूस अचानक गेला आणि किल्ली त्याच्याबरोबर गेली, तर विधवेने कोणत्या खिडकीवर जायचं? खिडकी ठेवली तर मधला माणूस परत आला, न ठेवली तर हक्क बुडाला. मोठमोठ्यांनाही हा पेच सुटलेला नाही. २०१६ मध्ये इथेरियमवरच्या 'द डाओ' या निधीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) पळवले गेले, तेव्हा 'न बदलणारी' साखळी बहुतेकांनी मिळून बदललीच. ज्यांना ते पटलं नाही त्यांनी जुनी साखळी 'इथेरियम क्लासिक' म्हणून चालू ठेवली. संकट आलं की निर्णय माणसांनाच घ्यावा लागतो. तो कोण घेणार हे आधी लिहून ठेवलेलं नसेल, तर ज्याचा आवाज मोठा तो घेतो.

आणखी एक सूचना येते, ती म्हणजे पहिली नोंदही यंत्राकडेच सोपवावी, उपग्रह आणि मोबाइलकडे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः आपल्या पिकाचा फोटो काढून नोंद करतो. लिहिणारा हात बदलला, म्हणून मला हे पाऊल योग्य वाटतं. तरीही बटईने जमीन कसणारा तिथे सहसा दिसत नाही. त्याचा करार तोंडी असतो, सातबाऱ्यावर नाव मालकाचं, म्हणून विमा आणि नुकसानभरपाईही मालकाची. आज तो निदान पंचनाम्याच्या वेळी चार माणसांसमोर 'शेत मी कसतो' असं सांगू शकतो. नोंद जितकी अढळ, तितकी त्याची अनुपस्थितीही अढळ होईल.

मग ब्लॉकचेन वापरायचीच नाही का? वापरावी, पण जिथे एकमेकांवर भरवसा नसलेले अनेकजण एकाच वहीवर अवलंबून असतात तिथे. गोदाम पावती हे त्याचं चांगलं उदाहरण आहे. सुगीत सोयाबीनचे भाव पडतात आणि मानवत-सेलूच्या शेतकऱ्याला पैशाची नड त्याच वेळी असते. माल गोदामात ठेवून पावतीवर कर्ज काढलं तर विक्री चार महिने लांबवता येते. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून याचसाठी आहे. बँकेला धास्ती ही की, हीच पावती दुसरीकडेही तारण असेल. राज्य वखार महामंडळाने पावत्या ब्लॉकचेनवर आणून राज्य सहकारी बँकेच्या कर्जाशी जोडल्या, त्याने नेमकी ही धास्ती दूर होते. पण पावतीवरचं वजन आणि ओलावा काट्यावरचा माणूसच लिहितो. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा होती, ती केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, कारण १३ आणि १२ यांच्यातल्या फरकावर गाडी परत जात होती. तेव्हा साखळीसाठी निधी मागणाऱ्यांनी त्याच प्रस्तावात ओलावा शेतकऱ्यासमोर मोजण्याची, मोजणीची मराठी चिठ्ठी त्याच्या हाती देण्याची, आणि आकडा पटला नाही तर नोंद साखळीवर जाण्यापूर्वी दुसऱ्या यंत्रावर फेरमोजणीची तरतूद लिहावी. पावतीवर शेतकऱ्याचा अंगठा किंवा सही त्यानंतरच घेतली जावी.