हिशेबात न बसणारी गोष्ट

एखादी वास्तू पाडली जाते तेव्हा ती नेमकी कोण पाडतो? पहार चालवणारा मजूर, हुकूम काढणारा अधिकारी, की खर्चाचा आकडा पाहून मान डोलावणारे शासन? लंडनच्या जुन्या यूस्टन स्थानकाचा इतिहास वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही.

लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेचे हे स्थानक १८३७ साली सुरू झाले. त्याच्यापुढे स्थापत्यकार फिलिप हार्डविक यांनी ग्रीक शैलीचे, सुमारे ७० फूट उंचीचे दगडी महाद्वार उभारले. पुढे विद्युत गाड्यांसाठी स्थानक नव्याने बांधायचे ठरले आणि १९६१-६२ मध्ये हे महाद्वार जमीनदोस्त झाले. कवी जॉन बेट्जमन प्रभृतींनी केलेली विनवणी पंतप्रधान मॅकमिलन यांच्यापर्यंत गेली, पण व्यर्थ. महाद्वार अन्यत्र हलवण्यास १,९०,००० पौंड, पाडण्यास अवघे १२,००० पौंड, असा हिशेब पुढे करण्यात आला होता.

या व्यवहारात खलपुरुष शोधू नये. स्थानक प्रवाशांसाठी असते, जुन्या दगडांसाठी नव्हे, हे म्हणणे रास्तच आहे. सारे कायदेशीर होते. आपल्यापैकी ज्यांची हयात फायलींवर टिपणे लिहिण्यात जाते, त्यांना तर ही भाषा चांगलीच परिचयाची आहे.

तथापि कायदेशीर आणि न्याय्य यांत अंतर उरतेच. चुकीचा बदलीचा हुकूम रद्द करता येतो. जादा घेतलेला कर परत देता येतो. पाडलेले परत उभे राहत नाही. म्हणून जे कृत्य मागे घेता येत नाही, त्याला केवळ नियमाचा आधार पुरेसा मानू नये. तेथे सही करणाऱ्याने अधिक काळ थांबले पाहिजे. वास्तू ज्यांच्या ताब्यात असते ते तिचे विश्वस्त असतात. आणि विश्वस्ताने पुढच्या पिढीचा वाटा आपल्या सोयीसाठी खर्चू नये.

१९९४ साली महाद्वाराचे कित्येक दगड पूर्व लंडनमधील एका जलमार्गाच्या तळाशी सापडले. तेथील खड्डा बुजवण्यासाठी ते टाकले होते. शेजारच्या सेंट पँक्रास स्थानकावरही असेच संकट होते. परंतु १९६७ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि ते वाचले. यूस्टनच्या हिशेबात हलवण्याचा खर्च होता, पाडण्याचाही होता. गमावण्याचा रकाना मात्र कोणी आखलाच नव्हता.