तुमचे उणे काय?



वाचक माउली, आपल्या घरातली मुले-मुली आज नोकरीच्या मुलाखतीला जातात. देहू-आळंदीपासून जवळच चाकणचे कारखाने आहेत, पुण्यात कंपन्या आहेत, तालुक्याच्या गावी बँका आणि पतसंस्था आहेत. शिक्षण, अनुभव, पगाराची अपेक्षा असे सगळे विचारून झाले की टेबलापलीकडून एक प्रश्न हमखास येतो : “तुमच्यातला एखादा दोष सांगा.” मूल गडबडते. खरे सांगावे तर नोकरी हातची जाईल, आणि दोषच नाही म्हणावे तर ते कोणाला पटणार? मग पाठ केलेले उत्तर बाहेर पडते : “मी कामात फार बुडून जातो, वेळेचे भान राहत नाही, हाच माझा दोष.”

प्रश्न पोटापाण्याचा दिसतो, पण त्याच्या आत एक जुना प्रश्न आहे. आपल्या उण्याबद्दल कोणी विचारले तर किती सांगावे, कसे सांगावे आणि कोणाला सांगावे? गळ्यात तुळशीची माळ असलेल्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

आधी त्या पाठ केलेल्या उत्तराकडे पाहू. दोषाचे पांघरूण घेऊन आलेली ती आपलीच स्तुती आहे. विचारणाऱ्यालाही ते कळते, कारण तेच उत्तर त्याने सकाळपासून अनेकांकडून ऐकलेले असते. पण माउली, त्या मुलाला हसण्याआधी आपण आपल्याकडेही पाहू. सत्काराची शाल खांद्यावर पडली की आपण सहज म्हणतो, “मी तर पामर, अज्ञानी.” ते मनातून आलेले असेल तर त्याला नमस्कारच करावा. मात्र खाली बसल्यावर कोणी हळूच म्हणाले, “महाराज, आज तुमचे प्रमाण चुकले,” आणि आपला चेहरा उतरला, तर ते पामरपण कुठे गेले? ‘मी सगळाच वाईट’ असे म्हणायला काही मोल पडत नाही. ‘माझे अमुक एक चुकते’ असे म्हणायला पडते. मुलाखतीतला तो मुलगा आणि शाल पांघरलेले आपण, दोघेही नेमके बोलायचे टाळतो.

मग नेमके कसे बोलावे? तुकोबारायांनी ते करून दाखवले आहे. त्यांच्या गाथेत स्वतःच्या जीवनाची हकिकत सांगणारा अभंग आहे, तो आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. तो अभंग म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर आहे. संतांनी विचारले म्हणून महाराज बोलले. एरवी स्वतःविषयी बोलू नये असेच त्यांचे मत दिसते. आणि सांगितले काय? इ. स. १६३० च्या सुमाराच्या त्या भीषण दुष्काळात पैसा गेला, मान गेला, एक पत्नी अन्नावाचून गेली. व्यवसायात तूट आली, त्याची लाज वाटली. कीर्तनाला सुरुवात केली तेव्हा अभ्यासात चित्त नव्हते, हेही सांगितले. लगेच पुढे, त्यावर काय केले तेही सांगितले : संतांची वचने विश्वासाने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले.

हा क्रम लक्षात घ्या. विचारल्यावर सांगितले. जे झाले ते त्याच्या नावाने सांगितले. दिवाळे निघाले त्याला वैराग्याचे नाव दिले नाही. आणि उणे सांगून तिथेच रडत बसले नाहीत, अभ्यासाला लागले. आपल्या मुलीला मुलाखतीत बोलायचे असेल तर यापरता चांगला धडा नाही. ती मराठी शाळेत शिकलेली असेल तर सरळ म्हणू दे : “इंग्रजी वाचलेले मला समजते, पण बोलताना वाक्य जुळवायला वेळ लागतो. म्हणून रोज अर्धा तास मोठ्याने वाचते, आणि महत्त्वाचे पत्र पाठवण्याआधी कोणाकडून तरी तपासून घेते.” यात फुशारकी नाही आणि लोटांगणही नाही. मात्र ते रोजचे वाचन खरे हवे. वाचत नसताना वाचते म्हटले, तर एक दोष सांगताना दुसरा जोडला.

आता कोणी विचारेल, मग सगळेच सांगायचे का? घरातले कर्ज, भावाभावांतला तंटा, मनातले जुने दुःख? नाही, माउली. पांडुरंगासमोर उभे राहिलो की काही झाकायचे नाही, झाकून उपयोगही नाही. पण नोकरी देणारा हा गाभाऱ्यातला देव नव्हे. त्याचा हक्क कामापुरता. कामाशी ज्याचा संबंध नाही ते मनात ठेवणे म्हणजे लबाडी नव्हे, ती मर्यादा आहे.

पण या मर्यादेलाही एक काठ आहे. एसटी चालवायला निघालेल्याला रात्री नीट दिसत नसेल, औषध देणाऱ्या परिचारिकेला मात्रेचे आकडे वाचताना गोंधळ होत असेल, तर ते कोणी न विचारताही सांगितले पाहिजे, नोकरी गेली तरी. आपल्या झाकलेल्या उण्याची किंमत दुसऱ्याच्या जिवाला मोजावी लागत असेल, तिथे गप्प बसणे हे पाप आहे. दिंडीत ज्याचा ताल सुटतो त्या टाळकऱ्याने विणेकऱ्याला सांगितले, तर विणेकरी त्याला जाणत्या टाळकऱ्याच्या शेजारी उभे करतो, आणि तो चालता चालता शिकतो. त्याने झाकून ठेवले, तर सगळ्या दिंडीची पावली चुकते.

खरे बोलून नोकरी मिळेलच असे मी आपल्याला सांगणार नाही. कधी खरे बोलणारा घरी परततो आणि सजवून बोलणारा खुर्चीवर बसतो. ज्या घरात त्या पगारावर चूल पेटायची आहे, तिथे हे सोसणे सोपे नाही. पण जे उणे आपण झाकतो ते भरून काढायला कोणी येत नाही. नामदेवरायांची कथा आठवा. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मस्तके थापटून पाहिली, मुक्ताबाईंनीच तसे सुचवले होते, आणि मडके कच्चे निघाले ते नामदेवांचे, असे परंपरा सांगते. साक्षात विठ्ठलाच्या लाडक्याला सगळ्यांसमोर कच्चा म्हटले. ते त्यांना लागले. पण ते लागले म्हणूनच नामदेवांची पावले औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे वळली. त्या दिवशी सर्वांनी गोड बोलून वेळ मारून नेली असती, तर गुरूची गरज त्यांना कशी कळली असती? कच्चे मडके भट्टीत जाते ते कच्चे आहे हे कळल्यावरच.

एक शब्द टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या माउलींसाठीही. आपल्यातले कितीतरी जण अधिकारी आहेत, दुकानाचे मालक आहेत, संस्थांचे विश्वस्त आहेत. दुसऱ्याचे उणे विचारण्याचा अधिकार हातात आला की गोरोबाकाकांची आठवण ठेवा. थापटणे मडके फोडण्यासाठी नसते, घडवण्यासाठी असते. तुकोबारायांनी मोकळेपणाने उत्तर दिले, कारण विचारणारे संत होते. तुम्ही खरे बोलणाऱ्याचे नाव लगेच खोडाल, तर उद्या तुमच्यासमोर पाठ केलेलीच उत्तरे येतील, आणि त्यांचा दोष त्या मुलांवर ढकलता येणार नाही. ज्याने आपले उणे नीट ओळखले आणि त्यावर कामही सुरू केले, त्याला शिकवणे सर्वांत सोपे, हे पाहून निवड करा.

घरात मुलगा किंवा मुलगी मुलाखतीच्या तयारीला बसली असेल, तर आज संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर त्यांना जवळ बसवा आणि विचारा, “बाळा, तुझे उणे काय?” उत्तर येईपर्यंत थांबा. ते आले की रागावू नका, हसू नका. मग त्यांनी तोच प्रश्न तुम्हाला विचारला, तर तुम्हीही नेमके उत्तर द्या. घरात ज्याला खरे बोलायची सवय लागली, त्याची जीभ परक्या टेबलासमोर अडखळणार नाही.

रामकृष्णहरि!