वाचलेल्यांचं कौतुक करताना

ध्रुवतारा ज्या ध्रुवमत्स्य तारकासमूहात आहे, त्याच समूहात सुमारे ५२० प्रकाशवर्षांवर एक राक्षसी तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. त्याच्याभोवती गुरूपेक्षा वजनदार असा वायूचा एक गोळा ९३ दिवसांत एक फेरी मारतो. कोरियन खगोलशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये हा ग्रह शोधला. पुढे कोरियातल्या दोन पर्वतांवरून ताऱ्याला बेकदु आणि ग्रहाला हाल्ला ही नावं मिळाली.

हिशेबाने हा ग्रह आज असायलाच नको होता.

बेकदुच्या प्रकाशातली बारीक थरथर टेस या अवकाश दुर्बिणीने टिपली. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने त्यावरून सांगितलं, की या ताऱ्याच्या गाभ्यात आता हेलियम जळतोय. एरवी याचा अर्थ असा होतो, की हायड्रोजन संपल्यावर तारा आधी प्रचंड फुगला आणि मग आक्रसला. बेकदु तसा फुगला असता, तर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.७ पटीपर्यंत पसरला असता. हाल्ला तर त्या अंतराच्या निम्म्याहूनही जवळ फिरतोय. म्हणजे तो केव्हाच गिळला जायला हवा होता.

हे वाचताना माझ्या मनात आलेला पहिला शब्द होता ‘फायटर’. त्या शब्दाचं माझ्यावर एक जुनं ओझं आहे.

एप्रिल २०२१. बाबा अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. ते घरी आले त्या संध्याकाळी मी स्टेटस ठेवलं, ‘माझा बाप फायटर आहे’. कोणी कोणी पाहिलं ते बघत होतो, तर यादीत खालच्या मजल्यावरच्या काकूंचं नाव दिसलं. काका जाऊन चारच दिवस झाले होते. काकू काही बोलल्या नाहीत. पण माझ्या वाक्याचा न लिहिलेला अर्धा भाग त्यांना नक्की ऐकू आला असणार. म्हणजे काका लढले नाहीत?

हाल्ला कसा वाचला, याबद्दल संशोधकांनी दोन शक्यता मांडल्या आहेत. एक, बेकदु मुळात दोन तारे होते. ते एकमेकांत मिसळले, हेलियम लवकर पेटला आणि तारा पुरता फुगलाच नाही. दुसरी, ताऱ्यांच्या त्या मीलनातून उडालेल्या वायूपासून हाल्ला नंतर जन्माला आला. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. ग्रहाने स्वतः काहीच केलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, माणूस म्हणजे ग्रह नव्हे. माणूस धडपडतो. खरं आहे. बाबांनी पालथं झोपून रात्री काढल्या, चव नसताना जेवले. पण त्याआधी पहाटे तीनला एका ओळखीच्याचा फोन आला होता, ‘एक बेड रिकामा झालाय, लगेच या’. तो बेड का रिकामा झाला, हे मी तेव्हा विचारलं नाही. धडपड दोन्ही घरांत होती. फोन एकाच घरात आला.

गिळले गेलेले ग्रह दुर्बिणीला दिसत नाहीत. दिसतात ते उरलेले. म्हणून उरलेल्यांकडे पाहून नियम काढायचा नसतो, हे खगोलशास्त्रज्ञाला शिकावं लागतं. आपण मात्र रोज तेच करतो. पास झालेल्याची मुलाखत बघतो आणि त्याच्या पहाटे उठण्याला यशाचं कारण ठरवतो. तितक्याच पहाटे उठून नापास झालेल्याची मुलाखत कोणी घेत नाही.

याचा अर्थ कष्टाला किंमत नाही असा नव्हे. कष्ट हे त्या माणसाचं खरंखुरं देणं असतं. निकालाशी ते बांधलं, की हरलेल्याचे कष्ट आपण खोटे ठरवतो. जिंकलेल्याचं कौतुक करताना एवढंच तपासावं, की हे वाक्य हरलेल्याच्या घरात ऐकू गेलं तर चालेल का?

मागच्या दिवाळीत फराळ द्यायला काकूंकडे गेलो होतो. बोलता बोलता त्या म्हणाल्या, शेवटच्या दिवशी काकांनी मास्क बाजूला करून फोन केला होता. दोनच वाक्यं बोलले. ‘मी नीट खातोय. तू जेवलीस का?’