हाताशी असेल त्याचे सूप

अन्नाचे मोल जिनसांत असते की रांधणाऱ्याच्या वृत्तीत, हा प्रश्न जपानच्या झेन परंपरेने मठाच्या मुदपाकखान्यातच सोडवायला घेतला. जपानमधील सोतो झेन पंथाचे प्रवर्तक दोगेन (१२००–१२५३) यांनी १२३७ मध्ये ‘तेन्झो क्योकुन’ हा छोटा ग्रंथ लिहिला. तेन्झो म्हणजे मठाचा मुख्य आचारी. मठाच्या सहा प्रमुख अधिकाऱ्यांत त्याची गणना होते आणि हे पद साधनेत मुरलेल्या भिक्षूकडेच द्यायचे असते, असे दोगेन बजावतात. तांदूळ निवडणे, भाजी धुणे, आधणावर लक्ष ठेवणे ही कामे उरकून मग साधनेला बसायचे, असा क्रम त्यांना मान्य नाही. ती कामे हीच साधना.

सूपाविषयीचा त्यांचा दंडक तर स्पष्टच आहे. रानभाजीचे पातळ सार करायचे असो की सायीचे उंची पक्वान्न, आचाऱ्याच्या मनात फरक पडता कामा नये. हलक्या जिनसा पाहून हात आखडायचा नाही, भारी जिनसा पाहून हुरळून जायचे नाही. जिन्नस पाहून मन बदलणे म्हणजे समोरचा माणूस पाहून बोलण्याची तऱ्हा बदलणे, असे ते म्हणतात. यामागे बौद्ध विचार आहे: नद्या कुठल्याही असोत, समुद्रात मिळाल्यावर त्यांची चव एकच. संघापुढे वाढायचे म्हणून जे पातेल्यात पडले, त्यात उच्चनीच उरत नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते. सगळ्या जिनसा समान आहेत याचा अर्थ सगळ्यांना सारखीच वागणूक द्यायची असा घेतला जातो. मग उरलेसुरले एकत्र शिजवून टाकले की झाले, आणि त्यालाच अनासक्ती म्हणायचे! दोगेन यांचा आशय नेमका उलटा आहे. कुठलीच जिन्नस क्षुल्लक नसेल तर प्रत्येकीकडे निराळे लक्ष द्यावे लागते.

थंडीत जपानी घराघरांत होणारे केन्चिनजिरू हे सूप पाहिले की हे ध्यानात येते. कामाकुरातील केन्चो-जी या १२५३ मध्ये स्थापन झालेल्या मठाशी त्याचे नाव जोडले जाते. तो मठ रिन्झाई पंथाचा, पण मुदपाकखान्याची शिस्त याच वळणाची. हातून निसटून जमिनीवर पडलेला तोफू मठाचे पहिले आचार्य रांकेई दोर्यू यांनी धुऊन सूपात घातला, अशी आख्यायिका आहे. जिनसा साध्याच असतात: मुळा, गाजर, गोबो नावाचे लांब चिवट मूळ, आपल्या अळकुडीच्याच जातीचा कंद, सुरणाच्या भाऊबंदातल्या कंदापासून केलेल्या कोन्याकूच्या वड्या. मासे वर्ज्य, आणि मठात कांदा-लसूणही वर्ज्य. म्हणून कोंबू हे समुद्रशैवाल आणि वाळवलेली शिताके अळिंबी थंड पाण्यात भिजत घालून कढण करतात. कंदमुळे आधी तिळाच्या तेलावर परतायची, मग त्यांवर कढण ओतून मंद आचेवर शिजवायची. तोफू सुरीने कापत नाहीत, हाताने कुस्करतात. खडबडीत कडांत रस चांगला मुरतो. कंदाच्या पिठूळपणाने सूपाला दाटपणा येतो आणि वर तरंगणारा तेलाचा पातळ थर वाफ लवकर जाऊ देत नाही. कडाक्याच्या थंडीत वाडगा बराच वेळ गरम राहतो तो यामुळे. मुळा आणि गोबो एकाच वेळी, एकाच आकारात चिरून टाकले तर मुळा विरघळेल आणि गोबो कच्चा राहील. समदृष्टी म्हणतात ती इथे चिरण्याच्या जाडीत आणि घालण्याच्या क्रमात दिसते.

दुसरी गल्लत याहून गंभीर आहे. हाताशी आहे त्यात भागवा, हा उपदेश निष्क्रियतेकडे झुकतो, असा आक्षेप घेता येतो. त्याचे उत्तर दोगेन यांनीच सांगितलेल्या एका प्रसंगात आहे. १२२३ मध्ये ते चीनला पोहोचले. निंगबोच्या बंदरात जहाजावरच मुक्काम असताना एक वृद्ध भिक्षू तिथे आला. वय ६१, आयुवांग पर्वतावरच्या मठाचा तेन्झो. (आयुवांग हे सम्राट अशोकाच्या नावाचे चिनी रूप आहे.) दुसऱ्या दिवशी पाचव्या महिन्यातला सण होता. भिक्षूंना शेवयांचे सूप वाढायचे त्याच्या मनात होते, पण हाताशी काही नव्हते. म्हणून जपानी जहाजावरची अळिंबी विकत घ्यायला तो दूरवरून पायी आला होता. दोगेन यांनी त्याला थांबायचा आग्रह केला: या वयात ध्यान आणि ग्रंथाध्ययन सोडून स्वयंपाकाचे कष्ट कशाला? म्हातारा हसला, साधना म्हणजे काय हे या परदेशी तरुणाला अजून उमगलेले नाही, असे म्हणाला आणि अंधार पडण्याआधी परत निघाला.

‘आहे त्यात भागवा’ या उपदेशाचे ज्याच्यामुळे बीज पडले, तो आचारी स्वतः मात्र नसलेली अळिंबी आणायला मैलोगणती चालत आला होता. यात विसंगती नाही. जिनसा मिळवण्यासाठी होईल ती धडपड आधी करायची असते. ग्रंथातही तेन्झोने इतर अधिकाऱ्यांशी बसून उद्याचा बेत ठरवावा, कोठीतून शिधा उतरवून घ्यावा, असा क्रम दिला आहे. शिधा हाती आल्यावर मात्र तो थोडा आहे, निकृष्ट आहे, ही कुरकुर थांबली पाहिजे. समाधान हा प्रयत्नांनंतरचा टप्पा आहे, त्यांचा पर्याय नव्हे.

म्हणूनच दुसऱ्याच्या उपासमारीवर हा उपदेश लागू करणे सर्वस्वी चूक आहे. तो पळी हातात असणाऱ्यासाठी आहे. रिकामे वाडगे घेऊन बसलेल्यांना ऐकवण्यासाठी नाही. दोगेन यांनी याबाबत पळवाट ठेवलेली नाही. सभागृहात किती भिक्षू आहेत, आजाऱ्यांच्या आणि वृद्धांच्या खोल्यांत किती, पाहुणे किती, हे मोजून झाल्याशिवाय तेन्झोने तांदूळ मोजायचा नाही, असा त्यांचा नियम आहे.