वैराग्य कोणी कोणाला सांगावं?

दत्तभक्तांना चोवीस गुरूंची कथा नवी नाही. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले गुरू सांगतो, त्यात एक सर्प आहे. सर्प स्वतःसाठी घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात राहतो. घराच्या खटाटोपात सुख नाही, हा त्याच्याकडून घेतलेला बोध. त्याच मालिकेत कबुतरही आहे. बायको-पिल्लांच्या मोहापायी ते आपण होऊन पारध्याच्या जाळ्यात शिरलं.

ही कथा आपण वाचतो, ऐकतो, मान डोलावतो. मग प्रश्न असा येतो की, सत्त्याऐंशी वर्षांच्या आईचं कोकणातलं जुनं घर दरवर्षी वैशाखात शाकारून घ्यायचं, हा मोह की धर्म? एका नातेवाइकांनी मला सरळच विचारलं, "आणखी किती वर्षं खर्च करणार त्या घरावर? तिचा मोह तुम्हीच वाढवताय. कुलूप लावा आणि आणा तिला फ्लॅटवर." प्रश्न रागावण्यासारखा नाही. आपल्यापैकी अनेकांची आज हीच अवस्था आहे. मुलगा पासष्टीचा, त्याचेच गुडघे दुखतात, आणि आई नव्वदीकडे झुकलेली, गावचं घर सोडायला तयार नाही.

कौलारू घर म्हणजे काम संपत नाही. वानरं मंगलोरी कौलं फोडतात, रिपांना वाळवी लागते, पडवीत एक ठिबका बंद करावा तर माजघरात दुसरा सुरू. हिशेब मांडला तर हा व्यवहार तोट्याचाच आहे. पण आईचा हिशेब त्या वहीत बसत नाही. अंधारात काडेपेटी कुठे आहे हे तिच्या हाताला ठाऊक आहे. तुळशीपुढे दिवा कधी लावायचा हे तिला कोणाला विचारावं लागत नाही. आपल्या फ्लॅटमध्ये तिला सगळं मिळेल, पण तिथे ती पाहुणी. तिच्या घरी ती यजमान, आणि तिच्याकडे गेलेले आपण पाहुणे.

आता गुरुचरित्राकडे पाहू. श्रीपाद श्रीवल्लभ पीठापुराहून निघाले तेव्हा मागे एक भाऊ पांगळा, एक आंधळा. म्हाताऱ्या आईवडिलांकडे कोण पाहणार? महाराजांनी आधी त्या दोघा भावांना धडधाकट केलं, मग घर सोडलं. नृसिंह सरस्वती कारंज्याचे. मुंज झाल्यावर निघाले, तेव्हा आई अंबाबाईचा जीव कासावीस झाला. दुसरी मुलं होईपर्यंत ते थांबले आणि तीस वर्षांनी पुन्हा दर्शन देण्याचं वचन देऊन गेले. ते वचन त्यांनी पाळलं. म्हणजे साक्षात अवतारांनीसुद्धा "आई, मोह सोड" एवढं सांगून पाठ फिरवली नाही. वैराग्य त्यांचं स्वतःचं होतं, आणि आईची सोय हे त्यांचं कर्तव्य होतं.

मला वाटतं, आपली गल्लत इथेच होते. सर्पाचा बोध अवधूताने स्वतःसाठी घेतला. तो दुसऱ्याच्या घरावर जाऊन "हे पाडा" असं म्हणाला नाही. वैराग्य ज्याचं त्याने घ्यायचं असतं, दुसऱ्यावर लादायचं नसतं. आणि आईला "आता कशाला अडकतेस?" म्हणताना त्यात आपली सोय किती आणि तिचं कल्याण किती, हे प्रत्येकाने देवासमोर बसून तपासावं. रजा, प्रवास, गवंड्याची मनधरणी चुकवायची आणि त्याला अध्यात्माचं नाव द्यायचं, हे काही खरं नव्हे.

बँकेत पेन्शनच्या काउंटरवर एक दृश्य मी वर्षानुवर्षं पाहिलं. मुलगा आईला घेऊन येई, तिच्या वतीने सगळं तोच बोले आणि आई शेजारी मुकाट उभी. माणसं वाईट नसत, घाईत असत. पण सही किंवा अंगठा तिचाच लागे, म्हणून निदान तेवढ्यापुरतं तरी तिच्याकडे वळून बोलावं लागे. खातं ज्याचं, सही त्याची. घराच्या दुरुस्तीलाही हाच नियम लावावा.

आमच्याकडे प्रश्न उंबरठ्याचा आला. माजघराचा उंबरठा उंच, आई दोनदा अडखळली. धाकट्या भावाचं मत, काढून टाकू. आई म्हणाली, "अरे, लग्न होऊन आले ती हाच ओलांडून. आणि उंबरठा काढायचा, मग हळदकुंकू कुठे वाहू?" उंबरा हे नावच उंबराच्या लाकडावरून आलं, असं जुनी माणसं सांगतात, आणि औदुंबर तर आपल्या दत्ताचं झाड. उंबरठा ठेवला. चौकटीला धरायला लाकडी दांडी बसवायची ठरली. सुतार म्हणाला, "तीन फुटांवर लावतो, सगळीकडे तशीच लावतात." आईला दाराशी उभी केली. तिचा हात सहज जिथे पडला तिथे पेन्सिलने खूण केली. ती तीन फुटांपेक्षा चांगली चार बोटं खाली होती, कारण ती आता वाकली आहे. दांडी तिथेच लागली. सेवेचं माप घ्यायचं ते असं, जिची सेवा करायची तिच्या हाताने.

विचारणं म्हणजे सगळं ऐकणं मात्र नव्हे. विजेच्या जुन्या वायरी तिला बदलायच्या नव्हत्या. आम्ही शेजारी बसून समजावलं आणि बदलल्याच. आणि जिला एकटीला राहणं खरोखर अशक्य झालं आहे, तिला जवळ आणावंच लागतं. त्या मुलांनी मनाला लावून घेऊ नये. फक्त तो निर्णय तिच्याशी बोलून व्हावा, तिच्या डोक्यावरून नव्हे.

२००७ साली केंद्राने आईवडिलांच्या आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा केला. मुलं पाहत नसतील तर न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. कायदा पैसे द्यायला लावू शकतो. "आई, तुला काय हवं?" हे विचारायला तो लावू शकत नाही.

दत्तप्रभू भिक्षेला कोल्हापुरी येतात, ही आपली श्रद्धा आहे. अवधूताला घर नसतं, पण तो भिक्षेला उभा राहतो तो कोणाच्या तरी दारातच. ते दार धड ठेवणं हे आपल्यासारख्या संसारी माणसाचं काम. यंदा जयंतीचा प्रसाद घेऊन आईकडे जाल तेव्हा गळका नळ पाहा, दिव्याचं बटण तिच्या हाताला येतं का ते पाहा, आणि हत्यारं काढण्याआधी तिला विचारा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!